पहिली वीस मिनिटं

हार्लन प्रुइटकडे सत्तर सालची ओल्ड्समोबाइल फोर-फोर-टू आहे, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ते खोटं नव्हतं. फक्त ती गाडी कॉफीच्या डब्यांत, फळ्यांवर, पलंगाखाली आणि पोटमाळ्यावर अशी विखुरलेली होती. सांगाडा तेवढा गॅरेजच्या मधोमध ठोकळ्यांवर बसलेला. गेली दहा-अकरा वर्षं ती 'जवळजवळ झालीच' होती.

जुन्या गाड्या उभ्या करायच्या आमच्या छंदातला 'जवळजवळ' हा सगळ्यात मोठा सुटा भाग. तो दुकानात मिळत नाही, आणि प्रत्येकाकडे हवा तेवढा असतो.

दुकानाचं मी सांगू शकतो, कारण माझं उभं आयुष्य गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे गेलं. काउंटरमागून माणूस जसा दिसतो तसा चर्चमध्ये दिसत नाही. कोण काय नेतो त्यावरून नाही, कोण काय परत आणतो त्यावरून माणूस कळतो. कॅझ डोम्ब्रोव्स्की कधीच काही परत आणायचा नाही. वस्तू बसली नाही तर हातोड्याने बसवायचा. डेलबर्ट ह्यूज दोन न्यायचा, एक परत आणायचा, आणि परत आणलेली नेमकी वापरलेली असायची. हार्लन एकच न्यायचा, घरी भिंगाखाली धरायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दारात हजर.

"ऑर्व्हिल, या बोल्टच्या डोक्यावरची खूण बघ. ही नंतरच्या सालातली आहे."

"अरे, हा बोल्ट इंजिनाच्या खाली जातो. तिथे कोण वाकून बघणारे?"

"मी."

मी बोल्ट परत घ्यायचो.

दर गुरुवारी दुपारी आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये जमायचो. काम कमी, कॉफी जास्त. हार्लन, कॅझ आणि डेलबर्ट लान्सिंगच्या कारखान्यात एकाच पाळीत होते. याच गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, मिनिटाला एक अशा घाईत, आणि तेव्हा खुणेबिणेकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. कारखाना पाडला त्या दिवशी तिघंही कुंपणाबाहेर उभे होते. परत येताना रस्ताभर भांडत आले, की आधी कुठल्या विभागाची भिंत पडली. रडायचं टाळायला माणूस काय वाटेल ते करतो. त्यातल्या त्यात भांडण स्वस्त.

हार्लनची बायको व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. हिवाळ्यात तिची व्हॅन बाहेर बर्फाखाली गाडलेली असायची, आणि गॅरेजमध्ये हीटरजवळ आमचे डबे. काच खरवडता खरवडता ती आत डोकवायची.

"काय मंडळी, ऊब लागतेय ना? बोल्टांना सर्दी नको व्हायला."

"जवळजवळ झालीच, व्हर्ना," हार्लन म्हणायचा.

"हो ना. मीही जवळजवळ मेलेच."

आजारी पडला मात्र तो. सिगारेट सोडून त्याला कैक वर्षं झाली होती. सिगारेटने त्याला सोडलं नव्हतं. वसंतात खोकला होता, उन्हाळ्यात नाकात ऑक्सिजनची नळी आली, आणि पानं पिवळी पडायला लागली तेव्हा डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. व्हर्नाने पुढच्या खोलीत, गॅरेजच्या समोरच्या खिडकीशी पलंग लावून घेतला. एका श्वासात दोन-तीन शब्द, एवढंच बोलणं उरलं होतं.

त्या गुरुवारी आम्ही पलंगाभोवती टोप्या हातात घेऊन उभे होतो. आजाऱ्याशी काय बोलतात ते आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. डेलबर्टने हवेचा विषय काढला, तो संपला.

"एकदा," हार्लन म्हणाला, "ऐकायचीये... चालू झालेली."

"कोण?" डेलबर्ट म्हणाला.

"तुझी आजी," कॅझ म्हणाला. "गाडी रे, गाढवा."

"रेस नको," हार्लन म्हणाला. "स्लोवर."

त्या गाडीचं इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवलं, की एकसारखं चालत नाही. ढग-ढग करता करता मधेच एखादा ठोका गिळतं, सबंध गाडी एका अंगाला जराशी हलते, आणि मग पुढचा ठोका पडतो. ज्यांना कळत नाही ते म्हणतात, काहीतरी बिघडलंय, दाखवून घ्या. ज्यांना कळतं ते बोलणं थांबवतात.

व्हर्ना मागे दारात उभी होती. "लग्नाआधी माझ्या वडलांच्या दारात गाडी आणून उभी करायचा," ती म्हणाली. "हॉर्न दिला की ते भडकायचे. म्हणून नुसती चालू ठेवून बसायचा बाहेर. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या की मी कोट घालायचे."

हार्लनने तिच्याकडे पाहिलं नाही. पांघरुणावरची त्याची बोटं तेवढी हलली. त्या दोघांच्या संसाराचा जमाखर्च मी बरीच वर्षं बाहेरून मांडत आलो होतो, आणि ते गॅरेज न चुकता खर्चाच्या बाजूला धरत होतो. तिने ते कुठल्या बाजूला धरलंय हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आम्ही रोज जायला लागलो. इतकी वर्षं जे अडून होतं ते सरसर पुढे सरकलं, कारण खोट काढणारा आता पलंगावर होता. तरी त्याच्या मागे लपून आम्ही काही केलं नाही. प्रत्येक भाग बसवायच्या आधी कॅझ तो टॉवेलवर ठेवून पुढच्या खोलीत न्यायचा, नवजात मूल दाखवायला न्यावं तसा. हार्लन बघायचा. मान हलली तर बसवायचा. डोळे मिटले तर दुसरा शोधायचा. व्हर्नाच्या चादरींना तेलाचे डाग पडले. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी काही बोलली नाही, आणि त्यावरूनच मला कळलं की काही खरं नाही.

अडलं ते कॅमवर.

इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट म्हणून एक दांडा फिरतो. त्याच्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर टॅपेट नावाचा एकेक लोखंडी खुंटा घासत असतो. नवा कॅम आणि नवे टॅपेट यांची पहिली भेट फार नाजूक. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की तत्काळ रेस वाढवायची आणि वीस मिनिटं तशीच धरून ठेवायची. मधे एकदाही स्लोवर सोडायचं नाही. स्लोवर तेल उडून तिथपर्यंत पोचत नाही; उंचवटे घासून सपाट होतात, लोखंडाचा चुरा इंजिनभर फिरतो आणि सगळी मेहनत मातीत जाते. वीस मिनिटं निभावली की दोघं एकमेकांना सरावले. मग खुशाल दिवसभर स्लोवर ठेवा.

हा नियम आम्हाला हार्लनने शिकवला होता, आणि कॅझला जरा जास्तच. कॅझने फार पूर्वी स्वतःची पाँटियाक बांधली होती. पहिल्यांदा सुरू केली, सगळे अंगणात जमलेले, आणि शेजारचा एक जण कुंपणावरून काहीतरी विचारायला लागला. कॅझने त्याचं ऐकायला म्हणून रेस सोडली. तेवढंच. कॅम गेला. त्या दिवसापासून हार्लनने त्याचं नाव 'सपाट' ठेवलं. "सपाट आला, त्याला काही विचारू नका रे, रेस सुटेल!" दुकानात, बोलिंगला, कॅझच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांसमोर ग्लास उंचावून. कॅझ दर वेळी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचा. हसणं आणि हसून दाखवणं यांतला फरक काउंटरमागे उभ्या राहिलेल्या माणसाला कळतो.

डेलबर्टने वाट काढली होती. "आपण रोलरवाला कॅम टाकू. त्याला चाकं असतात, घासाघाशीच नाही. किल्ली फिरवली की थेट स्लोवर."

ते विचारायला आम्ही आत गेलो. हार्लनने डोळे उघडले.

"कारखान्यातून... तसा आला होता?"

"तसा नव्हता, पण—"

"मग?"

रोलरचा विषय तिथेच मिटला.

नोव्हेंबर लागला. हरणांच्या शिकारीचे दिवस, दूर रानातून बंदुकांचे आवाज यायचे आणि हार्लन झोपेत दचकायचा. इंजिन निळा रंग लावून जागेवर बसलं. गुरुवारी सुरू करायचं ठरलं. दुसरा वार कुणी सुचवलाच नाही.

बुधवारी दुपारी व्हर्ना गॅरेजमध्ये आली आणि स्टुलावर बसली. ती तिथे बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आयरीन म्हणाली, आठवडा धरू नका." आयरीन म्हणजे घरी येणारी नर्स. "दोन-तीन दिवससुद्धा असतील म्हणाली."

डेलबर्ट एक पाना पुसत होता. तो केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत राहिला.

"त्याला सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? सकाळी मला ख्रिसमसचं हॅम कुठून आणायचं ते सांगत होता. गेल्या वर्षीचं खारट होतं म्हणे."

"उद्या सुरू करतोच आहोत," कॅझ म्हणाला.

"तेच सांगायला आलेय. उद्या सुरू झाली की लगेच स्लोवर ठेवा. ते रेसचं काही करू नका. थोडा वेळ जागा असतो, मग धाप लागते, मग औषध द्यावं लागतं की झोपला. तो जागा आहे तेवढ्यात ऐकू दे त्याला."

"व्हर्ना, पहिली वीस मिनिटं—"

"मला नको शिकवूस. माझ्या जेवणाच्या टेबलावर जन्मभर ऐकलंय ते."

"कॅम जाईल."

"जाऊ दे!" ती म्हणाली. "कोण चालवणारे ती गाडी? मी? पाव आणायला जाऊ तिच्यातून?"

हिशेब दुसरीतल्या मुलाला जमेल इतका सरळ होता. एकीकडे एक लोखंडी दांडा, जो पुन्हा घालता येतो. दुसरीकडे हार्लन. आम्ही तिघं तो हिशेब मांडून उभे होतो, बेरीज समोर दिसत होती, आणि उत्तर लिहायला कुणाचा हात उठत नव्हता. केलेलं इंजिन जाणूनबुजून मारायचं, ही गोष्ट आमच्या हातांना माहीतच नव्हती.

"त्याला विचारू," कॅझ म्हणाला.

"कॅझ, त्याला काही माहीत नाहीये."

"गाडी त्याची आहे. त्याला विचारू."

आम्ही सगळे आत गेलो. कॅझ पलंगाशी वाकला. "हार्लन, उद्या सुरू करतोय. आधी थोडं स्लोवर ठेवू का तुझ्यासाठी? का नियमाने करायचं?"

हार्लनच्या तोंडावर हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. "विसरलास वाटतं... सपाट?"

कॅझही हसला.

"वीस मिनिटं," हार्लन म्हणाला. मग श्वास घेतला. "मग स्लो. घाई... काय आहे?"

घाई काय आहे ते त्या खोलीत त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. ते बोलायची तीच वेळ होती, आणि ती वेळ चांगली लांबलचक होती. डेलबर्ट गालिच्याकडे बघत होता. मी ऑक्सिजनच्या यंत्रावरचा काटा वाचत होतो, जसं काही मला त्यातलं कळतं. व्हर्नाने तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते तिच्या नावे टाकणार नाही.

स्वयंपाकघरात आल्यावर कॅझ तिला हळूच म्हणाला, "ऐकलंस ना? तोच म्हणाला."

"हो," व्हर्ना म्हणाली. "ख्रिसमसला हॅम खाणारा माणूस म्हणाला."

गुरुवारी बर्फ भुरभुरत होता, पण वारा नव्हता. गॅरेजचं दार पूर्ण वर केलं. आयरीनने पुढच्या खोलीची खिडकी वीतभर उघडली आणि हार्लनला उशांवर उंच बसवलं. डोक्यावर त्याची कारखान्याची टोपी होती. दिवसातला बरा वेळ साधून त्याने ती स्वतः मागून घेतली होती.

कॅझने ड्रिल लावून पंप फिरवला, तेल वरपर्यंत चढवलं. रेडिएटरपुढे मोठा पंखा ठेवला. डेलबर्ट स्टीअरिंगवर बसला. मी पाण्याचा पाइप धरून उभा. कॅझचा हात कार्ब्युरेटरवरच्या रेसच्या दांडीवर.

"दे."

डेलबर्टने किल्ली फिरवली. एक आचका, दुसरा, आणि पेटली. कॅझने त्याच क्षणी दांडी ओढली. त्या तीन भिंतींत जो आवाज उठला तो कानाने ऐकायचा नव्हताच, छातीने ऐकायचा होता. नव्या रंगाचा धूर निघाला. गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली असावीत. त्यांची तोंडं हलताना दिसत होती. खिडकीत हार्लनने अंगठा वर केला.

आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो. कुठे गळत नव्हतं, कुठे तापत नव्हतं. कॅझची नजर भिंतीवरच्या घड्याळावर, हात दांडीवर, दुसरा हात कमरेवर, एखाद्या फोटोत उभा असावा तसा. त्याला कुणी बघत असेल तर ते खिडकीतून, हे त्याला ठाऊक होतं.

वीस मिनिटं म्हणजे फार नव्हेत. पण एका सुरात किंचाळणाऱ्या इंजिनाशेजारी ती फार असतात, आणि धाप लागलेल्या माणसाला किती असतात ते मला सांगता येणार नाही. आधी खिडकीतला अंगठा खाली गेला. मग टोपी एका बाजूला कलली. मग आयरीनची पाठ मधे आली आणि पुढचं दिसेना.

निम्म्याहून जास्त वेळ झाला असेल, तेव्हा व्हर्ना धावत आली. पायांत घरातल्या सपाता, अंगावर कोट नाही. तिने कॅझच्या कानाशी तोंड नेलं, तरी तिला ओरडावं लागलं, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"त्याला धाप लागलीये! आयरीन औषध भरतेय! आत्ता कर, कॅझ! आत्ता!"

कॅझने घड्याळाकडे पाहिलं. "थोडंच राहिलंय!"

"तो जागा आहे अजून!"

"झालंच, व्हर्ना! जवळजवळ झालंच!"

तिने हात पुढे केला आणि दांडीवरच्या त्याच्या हातावर ठेवला. शाळेतली पातेली उचललेला हात होता तो. तिने ढकलला असता तर कॅझला आवरला नसता. डेलबर्ट आतून बघत होता, मी पाइप धरून बघत होतो, आणि खरं सांगायचं तर तिने ढकलावा असं मला वाटत होतं, म्हणजे प्रश्न आमच्यावरून गेला असता. तिने तो तसाच ठेवला. इंजिनाच्या थरकापाने दोघांचे हात हलत होते. मग तिने आपला काढून घेतला, काळा झालेला तळवा बघितला आणि बर्फातून घराकडे गेली. धावत नाही. चालत.

घड्याळाचा काटा पोचला. कॅझने दांडी हळूहळू सोडली, झोपलेल्या मुलाखालून हात काढावा तशी. किंचाळी उतरत उतरत गुरगुर झाली, गुरगुर उतरली आणि इंजिन स्लोवर बसलं.

ढग-ढग, ढग... ढग. गाडी डावीकडे हलली, सावरली. पत्र्याच्या बादलीतल्या पाण्यावर वलयं उठत होती. फळीवरचे पाने किणकिणत होते. तसा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची आशा नाही. डेलबर्टने स्टीअरिंगवर डोकं टेकलं.

कॅझ धावला. मी त्याच्या मागे. आम्ही खिडकीशी पोचलो तेव्हा आयरीन ती बंद करत होती. धूर आत येत होता.

"हार्लन! ए हार्लन! ऐक रे!"

आयरीनने ओठांवर बोट ठेवलं. हार्लनचं तोंड उघडं होतं, टोपी एका डोळ्यावर आली होती. "आता नाही उठायचे ते," ती काचेपलीकडून म्हणाली. "सकाळी बघा."

"बंद करू नको रे डेलबर्ट!" कॅझ ओरडला. "चालू ठेव. झोपेत ऐकू जातं माणसाला. मी वाचलंय."

कॅझने आयुष्यात पेपरातला हवामानाचा रकाना सोडून काही वाचलं नव्हतं. पण डेलबर्टने चालू ठेवली, टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत. पुढच्या खोलीच्या काचा थरथरत होत्या. व्हर्ना पलंगाशी बसून त्या काचांकडे बघत होती.

सकाळी हार्लनचे डोळे उघडे होते, पण त्यांतून बघणारं कुणी नव्हतं. आम्ही पेट्रोलचा डबा नेऊन टाकीत ओतला होता. सुरू करू का, असं कॅझने विचारलं. व्हर्ना नको म्हणाली. शनिवारी तो गेला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम होतं, चीज घातलेले बटाटे होते, फळं घातलेली थरथरती हिरवी जेली होती जी कुणीतरी नेहमी आणतं आणि कुणी खात नाही. आमच्या छंदातले लोक दोन-तीन गावांहून आले होते. त्यांचा घोळका एका कोपऱ्यात जमला आणि मी बघतो तर मधोमध कॅझ, सूट घातलेला, हातात प्लास्टिकची पिशवी.

पिशवीत तेलाचा फिल्टर होता. पहिल्या वीस मिनिटांनंतर तेल बदलतात, फिल्टर कापतात आणि आतला घड्या घातलेला कागद पसरून बघतात. कॅम घासला असेल तर कागदावर चुरा चमकतो. कॅझने शुक्रवारी तो कापला होता, आणि शोकसभेला येताना कोटाच्या खिशात घालून आणला होता.

"एक कण नाही," कुणीतरी म्हणालं.

"दाखव दाखव. अरे वा. दिवा लावून बघ, नाही सापडायचा."

"हार्लनला आवडलं असतं."

"म्हणजे काय! भिंग घेऊन बसला असता."

माणसं मान डोलवत होती, कागद या हातातून त्या हातात जात होता. मृताविषयी इतक्या आपुलकीने कुणी बोललं नव्हतं, पाद्रीसुद्धा नाही. व्हर्ना कॉफीची किटली घेऊन आमच्यामागे येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही.

"काय बघताय एवढं?"

सगळे बाजूला झाले. कॅझच्या हातात कागद राहिला.

"फिल्टर आहे," तो म्हणाला. "चुरा नाहीये त्यात. कॅमला काही झालं नाही, व्हर्ना."

तिने किटली टेबलावर ठेवली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, कागद घेतला आणि ट्यूबलाइटकडे धरून एकेक घडी पाहिली.

"म्हणजे चांगलं?"

"उत्तम. आपण सगळे गेलो तरी चालत राहील ती."

"हो का," व्हर्ना म्हणाली. "बरं झालं मग."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर कॅझ वाचला असता. तिने कागद त्याला परत दिला, त्याच्या कपात कॉफी ओतली, साखर हवी का विचारलं. त्याने मान हलवली. हो का नाही ते मला कळलं नाही, तिलाही नसावं.

"घेऊन जा तिला," ती म्हणाली. "या आठवड्यातच. मला व्हॅन आत ठेवायचीये."

"माझ्याकडे?"

"तुझ्याकडे, याच्याकडे, वाटेल तिथे. फक्त माझ्या दारात सुरू करू नका."

गुरुवारी आम्ही गेलो. कॅझने पिकअपला ट्रेलर जोडून रस्त्याकडेला लावला होता. पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. व्हर्ना घरात होती, चिमणीतून धूर येत होता, पण ती बाहेर आली नाही आणि आम्हीही दार वाजवलं नाही. गॅरेजपासून रस्ता चढाचा आहे. एरवी लक्षात येत नाही. डेलबर्टचं हृदय अधू, म्हणून तो स्टीअरिंगवर. कॅझ आणि मी मागे. लोखंडी गाडी, दोन म्हातारे, पायाखाली बर्फ. दार ओलांडेपर्यंत ती आली, मग चढाला अडली.

"हँडब्रेक," कॅझ धापा टाकत म्हणाला. डेलबर्टने ओढला. आम्ही बंपरला टेकून उभे राहिलो. तोंडातून वाफ येत होती.

पलीकडच्या गल्लीतला एक जण कुत्रा फिरवायला निघाला होता. तो थांबला. "बॅटरी उतरली का? माझ्याकडे केबल आहे. आणू?"

"नको," कॅझ म्हणाला.

"पेट्रोल संपलं?"

"आहे."

"मग बिघडलंय काय हिचं?"

कॅझने पडद्यांकडे पाहिलं आणि मग आपल्या हातमोज्यांकडे. "काही नाही," तो म्हणाला. "उत्तम चालते."

त्या माणसाने आमच्याकडे पाळीपाळीने पाहिलं. मग त्याने कुत्र्याची दोरी टपालपेटीच्या खांबाला अडकवली, येऊन आमच्या मधे वाकला आणि पत्र्याला खांदा लावला.

"सांगा," तो म्हणाला.

डेलबर्टने ब्रेक सोडला. गाडी वीतभर मागे आली, आमच्या अंगावर रेलली. कॅझने सांगितलं आणि आम्ही ढकललं.